निळी दावी आणि तीन रेडकं

बोईसरजवळ सालवडला कारखान्यांच्या पाळ्या सुटतात त्या रस्त्यावर माझं मटणाचं दुकान आहे. म्हशीच्या मटणाचं. गाय-बैलाला कायद्याने हात लावता येत नाही आणि तसला धंदा मी कधी केला नाही. परवाना भिंतीवर टांगलेला आहे, कुणीही येऊन वाचावा. माझं गिऱ्हाईक म्हणजे बिहार, बंगाल, केरळ, ओडिशा इथून आलेली कामगार पोरं. एका खोलीत सात-आठ राहतात, रविवारी वर्गणी काढून मटण नेतात.

त्यातला एक वेल्डर जिभेचा फार तिखट होता. एका रविवारी पूर्ण रांगेसमोर त्याने मला विचारलं, "चाचा, पिछले हफ्ते भैंस दिया था, या भैंस की नानी?"

रांग खो खो हसली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पकाना नहीं आता तो मत ले जाओ. और दो घंटे उबालो!"

"उबालेंगे चाचा. सिलिंडर आप दोगे?"

मी सुरी ओट्यावर आपटली आणि त्याला रांगेतून बाहेर काढलं. पण पोरगा खोटं बोलत नव्हता, आणि राग त्याचाच जास्त आला. आमच्याकडे मटणासाठी मुद्दाम वाढवलेलं जनावर येतच नाही. येते ती तबेल्यातली म्हातारी म्हैस. वर्षानुवर्षं पिळून दूध आटलं, गाभण राहीना, की तिला जनावरांच्या डॉक्टरचा कापायचा दाखला मिळतो आणि ती आमच्याकडे पोचते. तिचं मांस चिवट नसेल तर काय असेल? तिथेच मी ठरवलं, एकदा या पोराच्या तोंडात कोवळं मटण घालायचंच.

ठरवणं सोपं होतं, कारण कोवळं जनावर कुठे फुकट जातं ते मला ठाऊक होतं.

एडवणहून मी बोईसरला आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज माझ्याकडे काही नव्हतं. पहिलं काम मिळालं तबेल्यात, शेण उचलायचं. शेण उचलणाऱ्याला म्हैस खालून दिसते, खूर, गुडघे, पोट, कास. वरून बघणारे शेठलोक शिंगं बघतात आणि फसतात. मी तिथेच शिकलो की म्हैस म्हणजे नुसती म्हैस नसते. जाफराबादी येते सौराष्ट्रातून, गीरच्या बाजूने. अंगाने हत्ती, कपाळ घागरीसारखं पुढे आलेलं, शिंगं खाली पडून मग वळलेली. मुऱ्हा हरियाणाची, शिंगं जिलबीसारखी घट्ट. सुरती नावाने सुरतेची, पण चांगली सुरती हवी असेल तर खेडा-बडोद्याकडे जावं लागतं. ती अंगाने लहान, शिंगं विळ्यासारखी, आणि गळ्याखाली दोन पांढरे पट्टे. मेहसाणी मुऱ्हा आणि सुरतीच्या मधली. ट्रक उतरला की कुठली म्हैस कुठल्या गावची हे मी लांबून सांगायचो. शेठ माझ्याकडून ऐकायचा आणि गिऱ्हाइकाला स्वतःचं म्हणून सांगायचा.

त्याच शेठवर माझा राग आहे, आजही आहे. मी दुकान टाकलं तेव्हापासून चार माणसं जमली की तो म्हणतो, "हा? हा माझ्या शेणातून वर आला." मी वर आलो तो माझ्या मनगटाने. शेण त्याच्या म्हशींचं होतं, एवढंच त्याचं.

त्याच्या तबेल्यात म्हैस व्याली आणि पारडी झाली तर पेढे. रेडकू झालं तर कुणी तोंड उघडत नाही. नराला पाजायचं म्हणजे विकायचं दूध घालवायचं. मग त्याला कोपऱ्यात बांधतात आणि कुणी काही करत नाही. काही न करणं पुरतं. थोड्या दिवसांत कोपरा रिकामा होतो.

मी शेठकडे गेलो. म्हटलं, "कोपऱ्यातली रेडकं मला द्या."

तो हसला. "घेऊन जा. कचरा आहे. तेवढीच जागा मोकळी होईल."

तीन होती. दोघांची कपाळं आताच फुगलेली, म्हणजे जाफराबादी रक्त. तिसरं सुरतीचं, मूठभर जीव. त्यात मांस काय धरणार म्हणून मी ते सोडून निघालो होतो, पण शेठने नोकराकडून तेही टेम्पोत ढकललं. "हेही ने, पुन्हा फेरी नको."

इथे माझ्याकडून धंद्यातली चूक झाली. आमच्या भागात जनावर विकणारा आपलं दावं काढून ठेवतो. घेणाऱ्याने स्वतःचं दावं आणायचं. दाव्याबरोबर गोठ्याचं नशीब जातं असं म्हातारे म्हणतात, पण खरी गोष्ट वेगळी आहे. दावं बदललं की बघणाऱ्याला कळतं, मालक बदलला. याच्या उलट जनावर अर्धेलीला, म्हणजे दुसऱ्याने पोसायचं आणि येईल त्यात अर्धं अर्धं, असं दिलं असेल तर ते मालकाच्या दाव्यानिशी जातं. कारण मालक तोच राहतो. शेकडो जनावरं माझ्या हाताखालून गेली आणि प्रत्येक वेळी मी आपलं दावं नेलं. त्या दिवशी नेलं नाही. रेडकांच्या गळ्यात तबेल्याची निळी नायलॉनची दावी होती, टोकाला तबेल्याचा भगवा रंग फासलेली. फुकटचं जनावर, वर फुकटचं दावं. माझ्यातला व्यापारी खूश झाला आणि टेम्पो सुटला.

दुकानाजवळ जागा नव्हती. मनोरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला एका पाड्यावर माझ्या ओळखीची बाई होती. नवरा आणि मुलगा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. बाई घर आणि पावसावरचा भाताचा तुकडा सांभाळायची. मी तिला अर्धेलीचं बोललो. तिने रेडकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आनि मेली त?"

"मेली तर तुमचं काय जातंय?"

"माजा वरीस जातो ना दादा."

मी कोंडा द्यायचं कबूल केलं. ती गप्प. मी दर महिन्याला कोंडा म्हटलं. ती गप्पच. तिची नजर घराच्या छपराकडे होती. शेवटी मी टेम्पोवरची ताडपत्री सोडून दिली तेव्हा ती म्हणाली, "बांदा मंग." पाड्यावरची माणसं बघत होती. निळ्या दाव्यांनीच ती रेडकं तिच्या खुंट्याला बांधली गेली.

मला वाटलं होतं एखादं तरी मरेल. एकही मेलं नाही. कोंडा मी नेमाने पोचवला, चारा तिने डोंगरातून आणला, आणि जाफराबादी रेडे असे वाढले की त्यांना दोन खुंटे वेगळे ठोकावे लागले. कपाळ डोळ्यांवर आलेलं बघून ती हसायची. "याला डोला दिला हाय का नाय देवानं?" सुरती मात्र तिचा लाडका. पांढऱ्या पट्ट्यांमुळे त्याला ती गळसरीवाला म्हणायची. तो वाढला, पण आपल्या मापात वाढला.

तिसऱ्या पावसात तिने तिघांनाही भाताच्या चिखलात घालून पाहिलं. मी तिथेच होतो. दोघे जाफराबादी गुडघ्यापर्यंत रुतले आणि बाहेर यायला तयार होईनात, चार माणसांनी ओढून काढले. गीरकडच्या मोठ्या अंगाला आमच्या खाचरातला चिखल काय कामाचा! सुरती हलक्या पायाने गेला आणि पलीकडच्या बांधाला जाऊन वळला. मी हिशेबी माणूस, मला तेव्हा एवढंच दिसलं की दोघांच्या पाठीवर मांस धरलंय. बाईला काय दिसलं ते मी विचारलं नाही.

त्या पावसानंतर शेठच्या कानावर गेलं. त्याच्या कचऱ्यातले रेडे पाड्यावर हत्तीसारखे उभे आहेत, ही गोष्ट बोईसरभर झाली होती, आणि ती सांगण्यात माझाही थोडा हात होता. बाईचा निरोप आला. शेठ गाडी घेऊन पाड्यावर आलाय, जनावरं सोडून न्यायला. मी दुकान तसंच टाकून निघालो.

पोचलो तेव्हा पाड्यावरचा सगळ्यात जुना म्हातारा चिंचेखाली बसला होता. तिथे भांडण त्याच्यासमोर सुटतं. शेठ खुर्चीवर, बाकी सगळे उभे.

"काय चाललंय शेठ?"

"माझी जनावरं बघायला आलो," तो शांतपणे म्हणाला. "तुला अर्धेलीला दिली होती. माझा अर्धा भाग दे, नाहीतर जनावरं सोड."

"अर्धेलीला? कचरा म्हणून दिली होती तुम्ही!"

"कोण ऐकायला होतं?"

त्याचा नोकर होता. पण तो त्याचा नोकर होता.

"आणि दावं?" शेठने म्हाताऱ्याकडे वळून विचारलं. "बाबा, ही जनावरं इथे आली तेव्हा गळ्यात कुणाचं दावं होतं? निळं, भगव्या टोकाचं. माझ्या तबेल्याचं. कायमची दिली असती तर दावं काढून नसतं घेतलं मी?"

म्हाताऱ्याने मला विचारलं, "दादा, दावं तुमचा व्हता का?"

सगळ्या पाड्याने पाहिलेलं. खोटं बोलून उपयोग नव्हता, आणि खरं बोलून तर मी मेलोच होतो. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी शेठला तू म्हटलं. "तुझ्या कोपऱ्यात मरत होती ही! तुझं दावं म्हणजे फाशी होती त्यांची!" शेठ हसत राहिला. तो पूर्वीपासून असाच हसतो. माझा आवाज चढला की त्याला कळतं, याच्याकडे बोलायला काही नाही.

तेवढ्यात बाई घरातून बाहेर आली. हातात निळे नायलॉनचे तुकडे. ते तिने म्हाताऱ्यासमोर टाकले.

"यो हाय शेटचा दावं. पयल्या दिवालीलाच मी कापला. जनावर वाडत व्हता, नायलॉन मानंत रुतत व्हता. तवापासून अंबाडीचा दावं मीच वलते न मीच बांदते."

आम्ही सगळे खुंट्यांकडे बघायला लागलो. तिन्ही गळ्यांत अंबाडीची जाड, पिवळट दावी. मी दर महिन्याला कोंडा उतरवत होतो आणि हे कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "मंग आता जनावर कोनाच्या दाव्याला हाय?"

"माज्या."

शेठ मोठ्याने हसला. "बाई, दावं बदललं म्हणून मालक बदलतो का?"

मी धंद्यातला माणूस आहे. फट दिसली की मी पाय घालतो. "बदलतो!" मी ओरडलो. "दाव्याची गोष्ट तूच काढलीस ना? मग ऐक. दावं बाईचं, जनावर बाईचं! अख्ख्या पाड्यासमोर सांगतो, ज्याचं दावं त्याचं जनावर!"

शेठ गेला म्हणजे माझं काम झालं, बाईबरोबर काय ते नंतर बघता येईल, असा माझा हिशेब होता. म्हाताऱ्याने मान हलवली. शेठ खुर्चीवरून उठला. शेणाचं वाक्य पुन्हा म्हणाला, पण या वेळी ते ऐकायला त्याच्या बाजूचं कुणी नव्हतं. गाडी वळवताना त्याचं चाक खाचराच्या चिखलात गेलं, आणि पाड्यावरची पोरं ढकलायला धावली ती अंमळ सावकाशच.

मी घाम पुसला आणि बाईला म्हटलं, "चला, सुटलो एकदाचे. आता आपलं अर्धं अर्धं."

"कसला अर्दा?"

"अहो, अर्धेलीचं ठरलं होतं ना?"

"तवा ठरला व्हता. आता तुमीच बोलले ना दादा, ज्याचा दावं त्याचा जनावर? सगल्यांनी आयकला. बाबा, आयकला ना?"

"आयकला," म्हातारा म्हणाला. पाडा हसला. सालवडच्या रांगेपेक्षा मोठ्याने हसला.

मी किती चिडलो ते लिहीत नाही. कोंड्याचं रिकामं पोतं लाथेने उडवलं एवढं सांगतो, आणि ते उचलून आणून पुन्हा त्याच्यावर बसलोही. उठून गेलो असतो तर ती ताडपत्री, तो कोंडा, तीन पावसाळे, वेल्डरचं ते वाक्य, सगळं तिथेच राहिलं असतं. मी जायला आलो नव्हतो. जनावरं घेऊन जायला आलो होतो.

"बरं," मी म्हटलं. "तुमची तर तुमची. मग मला विका."

मी खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे धरला. आमच्या धंद्यात सौदा टॉवेलाखाली होतो. दोघांचे हात आत, बोटं दाबून भाव सांगायचा, बाहेरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. त्या टॉवेलाखाली मला आजवर कुणी हरवलेलं नाही. बाईने टॉवेलाकडे पाहिलं आणि हात पदरात घेतला.

"रुमालाखाली कशाला? तोंडानं बोला. चोरी हाय का?"

अख्ख्या पाड्यासमोर तोंडाने भाव करायचा म्हणजे मला उघड्या अंगाने बाजारात उभं केल्यासारखं झालं. मी कमी बोललो की म्हातारा खोकायचा. मी जनावरात खोड काढली की कुणीतरी म्हणायचं, "मंग कशाला घेतो?" बाई घाईत नव्हती. एका गोष्टीत मात्र तिने मला धक्का दिला. "कोंडा तुमी आनला, त्यो मी नाय इसरत," म्हणाली, आणि तेवढं स्वतःहून भावातून वजा केलं. मी मागायच्या आधी. मी मागणार होतो त्यापेक्षा थोडं जास्तच. त्यानंतर मला तिच्याशी भांडणं अवघड गेलं, पण मी भांडलो.

"तिसऱ्याचं बोला," मी म्हटलं.

"गलसरीवाला इकायचा नाय."

"तिघांचा सौदा आहे."

"नांगर धरला त्यानं. या पावसात अक्का तुकडा त्याच्यावर लावला मी. कामाच्या जनावराला तुमचा डाक्तर कागुद देल का?"

देत नाही. शेतीला चालणाऱ्या रेड्याला दाखला मिळत नाही आणि दाखल्याशिवाय मी जनावराला हात लावत नाही, हे तिला मीच कधीतरी कोंडा उतरवताना ऐटीत सांगितलं होतं. वर्षानुवर्षं भाताच्या चिखलासाठी दुसऱ्याचं जनावर मागून आणणारी बाई. तिला तिसऱ्यात काय दिसलं होतं ते मला आता कळलं.

मी दोघांचा सौदा केला.

न्यायला गेलो तेव्हा मी नवी सुती दावी घेऊन गेलो होतो. बाईने आपली अंबाडीची दावी सोडली, खांद्यावर टाकली, आणि जाफराबाद्यांच्या फुगलेल्या कपाळावर एकेकदा हात ठेवला. मी माझी दावी बांधली.

दाखला, तपासणी, सगळं रीतसर झालं. त्या रविवारी वेल्डर रांगेत होता. त्याला मी पुन्हा येऊ दिलं होतं, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

"चाचा, आज किसकी नानी है?"

"नानी नहीं," मी म्हटलं. "आज उसका नाती है."

पुढच्या रविवारी तो खोलीतल्या सगळ्यांना घेऊन आला. त्याने नुसती पिशवी पुढे केली. मटण उरलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, पुन्हा मिळेल.

त्यासाठी मी पुन्हा शेठकडे गेलो. दुसरे तबेले होते, पण मी मुद्दाम त्याच्याच दारात गेलो. खांद्यावर दावी मोजून टाकलेली, बरोबर दोन माणसं ऐकायला.

"आता फुकट नाही," शेठ म्हणाला. "कचऱ्याला भाव आलाय."

"आला तो कुणामुळे?"

त्याने हात पुढे केला. आम्ही टॉवेलाखाली हात घातला आणि तिथे मी त्याची बोटं चांगली दाबली. भाव ठरल्यावर मी म्हटलं, "आता तुमची दावी सोडा."

"नोकर सोडेल."

"नाही. तुम्ही."

तबेल्यातली माणसं दूध काढता काढता थांबली. शेठ वाकला. शेण टाळत टाळत एकेका रेडकाच्या गळ्यातलं निळं दावं त्याने स्वतःच्या हाताने सोडलं. रेडकांच्या पोटाच्या उंचीवर त्याचं डोकं आलं तेव्हा मला जे वाटलं त्याला मी समाधान म्हणणार नाही. माझा राग अजून शिल्लक आहे. पण त्यातला थोडा त्या दिवशी खर्च झाला.

रेडकं त्याच बाईकडे दिली. अर्धेलीने. या वेळी पाड्यासमोर मोठ्याने सांगितलं. दावं माझं, ते माझंच राहील. तुटलं, रुतलं, लहान झालं तर मला निरोप, नवं मी आणून बांधीन. ती म्हणाली, "बरा."

पहिल्याच महिन्यात कोंडा घेऊन गेलो. या वेळी आधी गळे पाहिले. माझी सुती दावी जागच्या जागी होती. आणि त्यांच्या शेजारी, प्रत्येक गळ्यात, एकेक अंबाडीचं दावं.

"हे काय?"

पलीकडे सुरती रेडा रवंथ करत बसला होता. बाई त्याची पाठ घासत होती. ती वळलीही नाही.

"तुमचा हाय ना? ऱ्हाऊं द्या की. माजा बी ऱ्हाऊं द्या."

मी पोती उतरवली. टॉवेल खांद्यावरून काढला, नीट घडी करून खाली ठेवला. मग चिंचेखालच्या म्हाताऱ्याला हाक मारली, आणि पहिल्यापासून, तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं अर्धेलीचं बोलायला सुरुवात केली.